सखाराम कामावर जातो केव्हा?

हा प्रश्न माझा नाही. चौसाळ्यातल्या एका बाइंडरचा आहे. गेली अनेक वर्षं मी ‘सखाराम बाइंडर’वर बोलतो आहे, लिहितो आहे, वर्गात शिकवतो आहे, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

झालं असं. आमच्याकडची या नाटकाची प्रत पार सुटली होती. पानं हातात येत होती. गावी जाताना ती बरोबर नेली. मांजरसुंब्याचा घाट ओलांडून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की चौसाळा येतं. माझं शाळेपर्यंतचं आयुष्य तिथलं. चाचांचं दुकान तेव्हापासूनचं. दुकान म्हणजे एक खोली, एक शिकंजा, हाताने फिरवायच्या चाकाचं जुनं कटिंग मशीन आणि खळीचा डबा. शाळांची हजेरीपत्रकं, दूध डेअरीची रजिस्टरं, सोसायटीची खातेपुस्तकं, आणि दसऱ्याच्या आधी ऊसतोडीच्या मुकादमांच्या वह्या हे त्यांचं काम. साहित्य त्यांच्याकडे क्वचितच येतं. आलं तर ते वाचून मगच शिवतात, ही त्यांची जुनी खोड.

दोन दिवसांनी गेलो तर पुस्तक तसंच. म्हणाले, “सर, सगळं वाचलं. चांगलं लिवलंय. पण हा माणूस कामावर जातो कवा? निस्त्या बायाच आणतो. बाइंडर म्हणायचं, आन् एक फर्मा शिवताना दिसत न्हाई.”

मी उत्तरादाखल जे बोललो ते आता आठवलं तरी लाज वाटते. नाटकाचं स्थळ घर आहे, व्यवसाय इथे केवळ पार्श्वभूमी आहे, असं काहीतरी. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग सुतार ठिवायचा व्हता.”

सुतार का नाही ठेवला? मराठी समीक्षेने सखारामचं काय काय केलं नाही! पुरुषसत्तेचा प्रतिनिधी, ब्राह्मण घरातून पळालेला बंडखोर, लैंगिकतेचा उद्गार, हिंसेचा अभ्यास. 1972 साली कमलाकर सारंगांनी नाटक रंगमंचावर आणलं, निळू फुले सखाराम झाले, लालन सारंग चंपा झाल्या. थोड्याच प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळ आडवं आलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सारंगांनी त्या लढ्यावर ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तकच लिहिलं. त्यानंतर या नाटकावरची चर्चा कायम अश्लीलतेच्या आणि अभिव्यक्तीच्या अंगाने होत राहिली. ती आवश्यक होती. पण तिच्या गदारोळात शीर्षकातला दुसरा शब्द आपण आडनावासारखा वाचायला लागलो. जोशी, कुलकर्णी, बाइंडर.

फार तर कोणी तरी प्रतीक काढतं. बाइंडर म्हणजे बांधणारा, फाटकी पुस्तकं सांधणारा, तसाच टाकलेल्या बायकांना घर देणारा. मीही हे एका चर्चासत्रात म्हणून टाळ्या घेतल्या आहेत. आता ते मला फार स्वस्त वाटतं, कारण हे म्हणायला बाइंडिंग कसं करतात हे ठाऊक असण्याची गरजच पडत नाही.

त्याच सुमारास मी दख्खनच्या अबरीविषयी वाचत होतो. अब्र म्हणजे ढग. अबरी म्हणजे ढगाळ कागद, ज्याला आपण मार्बल पेपर म्हणतो. जुन्या रजिस्टरांच्या पुठ्ठ्यावर असतो तो. हल्लीचा छापील असतो. मूळचा पाण्यावर होतो. पसरट भांड्यात मेथीच्या दाण्यांचा बुळबुळीत काढा घ्यायचा, त्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडीने किंवा फणीने ओढायचे आणि तुरटी लावलेला कागद वरून अलगद टेकवायचा. रंग कागदावर येतो. एकदा उमटलेली नक्षी पुन्हा तंतोतंत उमटत नाही. सतराव्या शतकात, आदिलशाहीच्या काळात, विजापूरच्या कारागिरांनी याच्या पुढे मजल मारली. कागदाचा काही भाग गोंदाने किंवा कापलेल्या साच्याने झाकायचा, मग अबरी उमटवायची. झाकलेला भाग कोरा राहतो. असं करत करत त्यांनी ढगाळ नक्षीतूनच आकृती काढल्या. त्यातलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे: बरगड्या मोजता येतील असा घोडा आणि त्यावर तसाच हडकुळा स्वार. घोड्याचं कातडं म्हणजे ती अबरी. भुकेलेल्या जनावराच्या अंगावर ढग फिरावेत तसं ते दिसतं. 2015 साली याच संग्रहालयात दख्खनच्या सुलतानांवर मोठं प्रदर्शन झालं. त्यानिमित्ताने या चित्रांची पुन्हा चर्चा झाली.

मला त्या चर्चेतली एक गोष्ट लागली. कलेचे अभ्यासक या घोड्याचा अर्थ सांगतात, सूफी विचारातला नफ्स वगैरे. पण त्याआधी ते विचारतात: आधी काय झाकलं? रेघ अबरीच्या आधीची की नंतरची? साचा कापला होता की गोंद लावला होता? हात कसा फिरला हे कळल्याशिवाय अर्थाला हात घालायचा नाही, ही त्यांची शिस्त. आम्ही मराठीवाले थेट अर्थापासून सुरू करतो. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागदाची एवढी जुनी परंपरा, पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, आंबाजोगाईला दासोपंतांनी कापडावर लिहिलेली ती लांबलचक पासोडी. आणि आमच्या साहित्याच्या इतिहासांतून कागद, कापड, शिलाई, सरस यांना जागा किती? तळटीपेएवढी.

तर चाचांचा प्रश्न त्या शिस्तीने विचारून पाहू. बाइंडर करतो काय?

फर्मे दुमडतो, क्रम लावतो, दाभणाने टोचतो, शिवतो. पाठीला सरस लावतो. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला चिकट पदार्थ. गरम असताना त्याचा वास खोलीभर सुटतो आणि कपड्यांतून घरी येतो. मग पुठ्ठा, कापड किंवा चामडं, आणि अस्तराला खळ. खळीत मोरचूद, कीड लागू नये म्हणून. शेवटी शिकंज्यात दाबून कडा कापतो.

आता सखारामची जात आठवा. बापाच्या माराला कंटाळून लहानपणीच घरातून पळालेला ब्राह्मणाचा पोर. आपल्याकडच्या पोथीला शिलाई नसते हे आपण विसरतो. सुटी पानं, वरखाली फळ्या, वरून फडकं. शिवलेला, सरसाने चिकटवलेला, चामड्याच्या पाठीचा ग्रंथ ही जिल्दसाजांची, म्हणजे बहुतांशी मुसलमान कारागिरांची विद्या. एकोणिसाव्या शतकात छापील कागदाला शिवायलाही बिचकणारे लोक होते, गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’मध्ये त्यांचा उल्लेख केला आहे. हा विटाळाचा इतिहास आहे आणि तो अक्षरांचा नाही, पदार्थांचा आहे. ब्राह्मणाच्या पोराने पुस्तक लिहिलं असतं, छापलं असतं, विकलं असतं तरी चाललं असतं. तेंडुलकरांनी त्याला सरसात हात घालायला लावला. तेंडुलकरांच्या वडिलांचा छोटा प्रकाशनव्यवसाय होता. पुस्तक कसं तयार होतं हे त्यांनी लहानपणीच पाहिलं असणार. बाइंडरच्या जागी सुतार चालला नसता, तो यामुळे.

आणि मग दाऊद. सखारामचा एकुलता मित्र मुसलमान आहे याकडे आपण सेक्युलर तपशील म्हणून पाहतो. धंद्याच्या बाजूने पाहिलं तर ती मैत्री अगदी साधी, नेहमीची वाटते. अशा कामाच्या आसपास वाढलेल्या माणसाला दाऊद परका नाही, परकी आहे ती लक्ष्मी. गणपतीच्या आरतीत दाऊदने सामील होऊ नये म्हणून ती आडवी येते आणि सखाराम तिला मारतो, तो प्रवेश आठवा. आपण त्यात पुरुषाची क्रूरता पाहतो, ती आहेच. पण त्या घरात त्या वेळी जे भांडण चाललंय ते शिवलेल्या ग्रंथाचं आणि सुट्या पोथीचं आहे, असं मला आता वाटतं. लक्ष्मी सोवळं परत आणते. सखारामने ते ज्या पदार्थांत बुडवून टाकलं होतं त्यांचा वास तिला सहन होत नाही. आणि मार मात्र तिला बसतो, तेही विसरू नये. वासाच्या बाजूने असणं म्हणजे न्यायाच्या बाजूने असणं नव्हे.

दुसरी गोष्ट कराराची. बाई आली की सखाराम अटी सांगतो. जेवण, लुगडं, घरातली वागणूक, आणि पटेनासं झालं तर जायच्या गावाचं तिकीट. 1972च्या मुंबईतल्या प्रेक्षकाला या अटींनी हादरवलं असं आपण शिकवतो. चाचांना त्यांचं काहीच वाटलं नव्हतं. बरोबरच आहे. त्यांच्या दुकानात मुकादमाच्या ज्या वह्या बांधल्या जातात त्यांत ‘कोयता’ असा हिशोब असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक माणूस. उचल कोयत्यावर दिली जाते, फेड दोघांनी करायची, आणि पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईचं नाव वहीत असेलच असं नाही. त्या तुलनेत सखाराम बाईला एकटी म्हणून मोजतो, तिच्याशी थेट बोलतो आणि परतीचं तिकीट कबूल करतो. हे कौतुक नाही. बीड जिल्ह्यात बसून वाचलं तर या नाटकाचा धक्का कुठे बसतो ती जागा बदलते, एवढंच.

पण त्याहून मला वेगळं काही खटकलं. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं पक्कं करतो. वहीतून पान निघू नये, हा बाइंडरच्या कामाचा अर्धा हेतू. युरोपात हिशोबाच्या वह्यांच्या कडांवरसुद्धा अबरी उमटवत, ती शोभेसाठी नव्हे. एक पान जरी फाडलं तरी कडेची नक्षी तुटते आणि चोरी दिसते. 1775 साली अमेरिकेतल्या बंडखोर वसाहतींनी नोटा काढल्या तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने वीस डॉलरच्या नोटेला अशीच अबरीची कड लावली, नक्कल होऊ नये म्हणून. असं काम करणारा सखाराम स्वतःच्या घरातला व्यवहार मात्र पूर्ण तोंडी ठेवतो. त्याच्या आयुष्यात लक्ष्मीआधी बायका येऊन गेल्या, त्यांचं एकही पान घरात नाही. कोण गेली, कशी गेली, तिकिटाचे पैसे खरंच दिले का, याला साक्ष फक्त त्याचं बोलणं. आपण त्याचा ‘मोकळेपणा’ इतकी वर्षं वाखाणत आलो. कोणत्याही बाइंडरला तो मोकळेपणा संशयास्पद वाटला असता. सुटी पानं ज्याला सोयीची, त्याचा हिशोब तपासावा.

आणि हात. रंगमंचावर सखारामचे हात सतत दिसतात: मृदंगावर, चिलमीवर, पट्ट्यावर, शेवटी चंपाच्या गळ्यावर. कामात एकदाही नाहीत. खून झाल्यावर ते हात लुळे पडतात आणि खणायला पुढे होते ती लक्ष्मी. मी हे पूर्वी लक्ष्मीच्या धार्मिकतेतलं क्रौर्य म्हणून शिकवलं. आता असंही दिसतं की नाटकभर जिचे हात राबताना आपण पाहिले ती एकटीच शेवटीही कामाला लागते. ज्याचं नावच कामावरून पडलं त्याला काम सुचत नाही. तेंडुलकरांनी बाइंडिंग पडद्यामागे ठेवलं हे अनवधान की हिशोब, हे मी ठरवलेलं नाही. चाचांच्या मते अनवधान.

या निमित्ताने एक जुनी तक्रार. विद्यार्थी असताना मी एका ग्रंथालयाच्या नावाने खूप ओरडलो होतो, कारण तिथल्या जवळजवळ सगळ्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं बांधणीत फेकली गेली होती. दलाल, मुळगावकर यांची चित्रं गेली आणि वर आलं तपकिरी रेक्झिन. दिवाळी अंकांच्या जाहिराती गेल्या. समासात कुणी पेन्सिलीने केलेल्या नोंदी कटिंगमध्ये अर्ध्या कापल्या गेल्या. ‘हे पटत’ एवढंच उरलेलं मी वाचलंय, पुढे ‘नाही’ होतं की ‘ं’ हे कळायला मार्ग नाही. तेव्हा मी दोष बाइंडरला दिला. चाचांनी सांगितलं की ग्रंथालयाचं काम नगावर मिळतं, भाव ठरलेला असतो आणि “कव्हर काढून टाका” हे वरून येतं. मुखपृष्ठ आत घेऊन शिवायला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. त्या मिनिटांचे पैसे कोणी धरत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. वर्गवारी, अनुदान, ग्रंथसंख्या यांवर आपण भांडत आलो. बांधणी कशी व्हावी यावर एखादा ठराव साहित्य संमेलनात झाल्याचं मला तरी आठवत नाही. विद्रोहीतही नाही.

माझी प्रत चाचांनी जुजबंदीने शिवली. मुखपृष्ठ फाटकं होतं, ते पातळ कागदावर चिकटवून आत घेतलं. पुठ्ठ्यावर छापील अबरी लावली, निळी-तांबडी, हजेरीपत्रकाला लावतात तीच, कारण दुकानात तीच होती. कटिंगला घेताना मी थांबवलं. समासात माझ्याच वीस वर्षांतल्या नोंदी होत्या, बऱ्याचशा चुकीच्या.

“कड वाकडी ऱ्हाईल,” ते म्हणाले.

“राहू द्या.”

त्यांनी पुस्तक शिकंज्यातून काढलं, अंगठ्याने कड चाचपली आणि बिल साठ रुपयांऐवजी पन्नास लावलं. कटिंगचे दहा वजा.