पोहरादेवीचा नगारा आणि वस्तूमागील हात

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म होय. तेथील राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास दान दिले. त्या लेण्यातील लेखात राजवंश आहे, दात्याचे नाव आहे, गवाक्ष-वेदिकांचे वर्णनही आहे. ज्यांनी चित्रे रंगविली त्यांचे नाव मात्र नाही. याच जिल्ह्यातील एका नव्या संग्रहालयाचा विचार करताना तो लेख वारंवार आठवतो.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ. तेथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत नगाऱ्याच्या आकाराची, चार मजली, दालने १३. समाजाचे नेते, चळवळी व परंपरा त्यांत मांडल्या आहेत. महाराष्ट्रात विमुक्त जातींत गणल्या जाणाऱ्या समाजाला स्वतःच्या इतिहासाचे घर मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

वास्तूविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. नगारा ऐकण्यासाठी असतो. इमारत झाल्यावर तो केवळ पाहण्याचा उरतो. जपानमधील कानाझावा येथे २००४ साली सुरू झालेले समकालीन कलासंग्रहालयही वर्तुळाकार आहे. परंतु सेजिमा आणि निशिझावा यांनी त्याला काचेची भिंत दिली, पुढची-मागची बाजू ठेवली नाही. वाटसरू अनेक दिशांनी आत येतो. तेथील वर्तुळ कशाची प्रतिकृती नसून येण्याजाण्याची सोय आहे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्याच्या स्वभावाशी हे अधिक जुळते, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

खरा प्रश्न मात्र हातांचा आहे. बंजारा कलेचे वैभव स्त्रियांच्या सुईत आहे: फेटिया, कांचळी, त्यांवरील आरसे आणि कवड्या. नेत्याच्या चित्राखाली नाव असतेच. फेटियाखाली ‘पारंपरिक पोशाख’ एवढेच लिहिले, तर ती शिवणारी स्त्री वराहदेवाच्या चित्रकारांच्या पंक्तीत जाऊन बसते. सांचीच्या दक्षिण तोरणावर मात्र विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीव काम आपले असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे बौद्ध कलेत दोन्ही रीती आहेत, आणि दुसरी अधिक न्याय्य आहे.

प्रत्येक फेटियाखाली शिवणारीचे नाव, तांडा आणि साल असावे. नाव मिळत नसेल, तर ते नोंदविले गेले नाही असे स्पष्ट लिहावे. ही विचारपूस कपाटापाशी बसून होणार नाही, तांड्यांत जावे लागेल. आणि आपल्या आईची कांचळी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवरच जावे लागेल.