सुधाकराचा पश्चात्ताप

पश्चात्तापाने दोषाचे क्षालन होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. तेव्हापासून सुधाकराच्या पश्चात्तापावर प्रेक्षकांनी अश्रू ढाळले आहेत. परंतु त्या पश्चात्तापातून सुधाकर काय शिकला, हे येथे पाहावयाचे आहे.

सुधाकर बुद्धिमान, पण अतिशय मानी वकील. न्यायालयातील अपमान आणि सनद काही काळ गमावल्याचे दुःख त्यास सोसवत नाही. ते विसरण्यासाठी तळीरामाच्या सांगण्यावरून तो पहिला प्याला घेतो. पुढे मद्यप्याच्या अधःपाताचे टप्पे तोच रामलालास इतक्या बारकाईने उलगडून सांगतो की, त्याच्या ठायी ज्ञानाची उणीव होती असे म्हणवत नाही. तो दारू सोडण्याची शपथही घेतो. परंतु नोकरीसाठी दारोदार गेला असता त्याची हेटाळणी होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो.

नाटकाचे मर्म येथेच आहे. दोन्ही वेळा निमित्त एकच : मानभंग. सुधाकराने शपथ घेतली ती दारूविरुद्ध; अपमान सोसण्याची शक्ती आपल्या ठायी नाही, ह्या मूळ दोषाकडे त्याने पाहिलेच नाही. पश्चात्ताप परिणामाकडे पाहून रडतो. शहाणपण कारणाचा शोध घेते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत असलेल्या सालवडसारख्या गावी राहणारास हा भेद सहज उमगावा. कारखान्यात स्फोट झाला म्हणजे हळहळ सर्वांसच वाटते. पुढील स्फोट टळतो तो मात्र कोणती झडप का निकामी झाली हे शोधून ती बदलल्यामुळे.

अखेरीस मूल दगावते, सिंधू मरता मरता पतीचा अपराध झाकते, आणि सुधाकर दारूतूनच विष घेतो. प्रायश्चित्तदेखील प्याल्यानेच! ह्या योजनेत गडकऱ्यांची खरी नाट्यदृष्टी दिसते. दोष इतकाच की, सुधाकराच्या तोंडची भाषा एवढी ओजस्वी आहे की, तिच्या ओघात प्रेक्षक शोकालाच सुधारणा समजून बसतो.

घरात कोणी ‘चुकलो’ म्हणाला, तर त्याचे डोळे अवश्य पुसावेत. मात्र पुन्हा तीच वेळ आली तर तू काय करशील, हेही त्यास विचारावे. सिंधूच्या अपार क्षमेत ह्या एका प्रश्नास जागा नव्हती.