स्वरलिपी आणि कान : माध्यमिक शाळेतील संगीतशिक्षणाविषयी काही विचार

हिंदुस्थानी संगीताच्या सामुदायिक शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कृष्णाकाठच्या प्रदेशास त्यात अग्रस्थान द्यावे लागेल. विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांचा जन्म कुरुंदवाडचा आणि त्यांचे गायनाचे शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी झालेले. 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरुगृही चालणारी विद्या वर्गात आणली. या मिरजेहून माधवनगर काही फार दूर नाही. माधवनगरास आगगाडीत बसले की सांगली व विश्रामबाग ही स्थानके ओलांडताच मिरज येते. या परिसरातील माध्यमिक शाळेत आज संगीत कसे शिकविले जाते, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्थानिक कुतूहलाचा नाही. पलुसकरांनी आरंभिलेल्या कार्याचे पुढे काय झाले, असाच तो प्रश्न आहे.

काही काळापूर्वी माधवनगर परिसरातील एका शाळेत संगीताच्या तासास बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. नववीतील एका विद्यार्थिनीने भूप रागाची माहिती अस्खलित सांगितली. थाट कल्याण, जाती औडव-औडव, वर्ज्य स्वर मध्यम व निषाद, वादी गांधार, संवादी धैवत, समय रात्रीचा पहिला प्रहर. उत्तरात एकही चूक नव्हती. त्यानंतर शिक्षकांनी भूप आणि देसकार यांचे दोन लहान आलाप गाऊन दाखविले व यांतील भूप कोणता असे विचारले. वर्ग स्तब्ध झाला. शिक्षक गुणी होते व मुलेही मंद नव्हती. तेव्हा दोष अन्यत्र शोधला पाहिजे. माझ्या मते तो दोष संगीतशिक्षणात लेखनास दिलेल्या स्थानात आहे.

स्वरलिपी ही लिपी आहे, आणि लिपीविषयी भाषाशास्त्राने जे सांगितले आहे ते तिलाही लागू पडते. पहिली गोष्ट अशी की, लिपीतील चिन्ह हे संकेताने ठरलेले असते. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवितो, तर पलुसकर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा निदर्शक आहे. भातखंडे समेसाठी गुणाकाराचे चिन्ह योजतात, पलुसकर एकचा आकडा. दोन्ही पद्धती आपापल्या परीने सुसंगत आहेत. परंतु ज्याने स्वर ऐकलेला नाही त्याला यांतील कोणताही बिंदू स्वर ऐकवू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोणतीही व्यवहार्य लिपी उच्चारातील सर्व काही लिहीत नाही, आणि तिने ते लिहूही नये. मराठीतील अनुस्वाराचेच उदाहरण घ्या. ‘गंगा’, ‘दंड’, ‘दंत’, ‘अंबा’ या शब्दांत टिंब एकच आहे, पण पुढील व्यंजनानुसार त्याचा उच्चार चार ठिकाणी चार प्रकारचा होतो. मराठी भाषकास हे शिकवावे लागत नाही, कारण वाचावयास लागण्यापूर्वीच भाषा त्याच्या कानात असते. कोमल गांधाराचीही गोष्ट अशीच आहे. भातखंडे पद्धतीत ‘ग’ खाली आडवी रेघ दिली की काम भागते. तथापि दरबारीतील आंदोलित गांधार आणि बागेश्रीतील गांधार हे कानाला भिन्न आहेत. त्यांचा भेद रागाच्या संदर्भाने ठरतो, म्हणूनच लिपीने तो वगळला, आणि ते योग्यच केले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर लिपीने स्वनिम लिहिला आणि स्वनांतरे वाचकावर सोपविली.

भूप आणि देसकार यांत तर स्वरांची चिन्हेही तीच राहतात. सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर दोन्हीकडे आहेत. भेद आहे तो कोणत्या स्वरावर विसावावयाचे, पूर्वांग फुलवावयाचे की उत्तरांग, याचा. ‘तो आला’ हे दोन शब्द विधानार्थी वाचावे की प्रश्नार्थी, हे अक्षरांवरून कळत नाही. बोलणाऱ्याच्या सुरावरून ते कळते. भूपाचा वादी गांधार व देसकाराचा धैवत असे पाठ करणे म्हणजे प्रश्नार्थक वाक्याची व्याख्या पाठ करणे होय. व्याख्या बरोबर असते, पण तिच्यामुळे प्रश्न ऐकू येत नाही.

मग या दोन थोर पुरुषांनी लेखनाचा इतका आग्रह का धरला? त्यांच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी त्यांच्या कार्याची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. घराण्यांच्या कंठांत असलेल्या चिजा नष्ट होऊ नयेत म्हणून भातखंडे यांनी त्या स्वरलिपीत उतरविल्या. क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग हे त्या परिश्रमाचे फळ होय. आपला मुख्य शास्त्रग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीत लिहिला, आणि तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला, हे मला अर्थपूर्ण वाटते. मुद्रणाचा एवढा पुरस्कर्ताही बोलणे आणि ऐकणे यांची चौकट सोडू शकला नाही. पलुसकरांनी तर विद्यार्थी आपल्या विद्यालयात ठेवून घेतले व वर्षानुवर्षे त्यांच्याकडून रियाज करवून घेतला. त्यांच्या हाती पुस्तक होते, पण पुस्तकाभोवती दिवसभराचे गाणे होते. तेथे लिपी स्मरणाचे साधन होती.

माध्यमिक शाळेने ही पद्धती स्वीकारली तेव्हा तिच्याभोवतीचे गाणे गळून पडले आणि पुस्तक तेवढे उरले. आठवड्यातील एखाद-दुसऱ्या तासिकेत व्याख्या सांगता येतात, चिन्हे फळ्यावर काढता येतात, त्यांची परीक्षाही घेता येते. कान तयार झाला की नाही हे तपासण्यास मात्र वेळ लागतो. त्यात शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षांसाठी दहावीस अधिक गुण देण्याची पद्धत आली. हेतू स्तुत्य असला तरी ज्याचे गुण मिळतात तेच शिकविले जाते, हा शाळेचा नियम येथेही लागू होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. लेखन दूर सारले तर पुन्हा गुरूच्या मर्जीचा काळ येईल, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मी गंभीर मानतो. ज्या घरांत गाणे नव्हते त्या घरांतील मुलांना, विशेषतः मुलींना, संगीताचे दार उघडले ते वर्गाने आणि छापील पुस्तकाने. ते दार बंद करावे असे कोणीही सुचविणार नाही. प्रश्न स्वरलिपी असावी की नसावी हा नसून ती कितव्या पायरीवर असावी हा आहे. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या शालेय पद्धतीत मूल आधी गाते व ओळखते, चिन्ह नंतर पाहते. आपण मातृभाषा शिकवितो तीही याच क्रमाने.

माधवनगरचे मूल शाळेत येते तेव्हा त्याचा कान कोरा नसतो. आरत्या, अभंग, जात्यावरच्या ओव्यांच्या चाली, भजनी ठेका त्याने ऐकलेला असतो. ही त्याची संगीतातील मातृभाषा होय. तिच्यापासून आरंभ करून भूपाकडे जाता येते. साधन म्हणून तंबोरा हवा. पेटीच्या पट्ट्यांवर बारा स्वर कायमचे बांधलेले असतात, आणि दरबारीचा गांधार त्यांत सापडत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांस 2024 मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. त्या मिरजेच्या शेजारच्या शाळेत मुलांनी जुळलेला तंबोरा कधी ऐकलेला नसावा, ही गोष्ट शोभणारी नव्हे.

भाषेच्या तासात श्रुतलेखन असते. शिक्षक बोलतो, मुले लिहितात. संगीताच्या तासात आपण याच्या उलट करतो. लिहिलेले आधी देतो व त्यावरून गावयास सांगतो. शिक्षकाने पाच स्वरांची एक ओळ गावी, मुलांनी ती परत गावी, आणि मग आपल्या हाताने स्वरलिपीत उतरवावी. एवढा एक बदल केला तरी चिन्हाला कानाचा आधार मिळेल. परीक्षेतही रागाची माहिती विचारण्याआधी राग ओळखावयास सांगावा. ज्या विद्यार्थिनीचा वर उल्लेख केला तिला भूपाविषयी सर्व काही माहीत होते. भूप मात्र तिला कोणी पुरेसा ऐकविला नव्हता.