प्ररोचना : पटकथालेखकाची आणि असोद्याच्या गाण्यांची

चित्रपटाविषयीचे आपले समीक्षण तो पडद्यावर आल्यानंतर सुरू होते. त्याआधीची एक वाङ्मयीन घटना मात्र समीक्षकाच्या दृष्टीआड राहते. एक मनुष्य दुसऱ्या मनुष्यासमोर बसतो. पहिल्याजवळ कथा असते, दुसऱ्याजवळ पैसा, निदान पैसेवाल्यापर्यंत पोहोचण्याची वाट असते. आणि तास-दोन तासांत त्या कथेचे पुढे काय व्हायचे ते ठरते. मुंबईच्या चित्रव्यवसायात यास 'कथा ऐकविणे' अथवा सरळ 'नॅरेशन' म्हणतात. हा तर धंद्याचा भाग, त्याचा साहित्यविचाराशी संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु कोणती कथा जगावी व कोणती मरावी हे जी क्रिया ठरविते, इतकेच नव्हे तर जगणाऱ्या कथेचे रूपही आतून घडविते, ती साहित्यविचाराच्या बाहेर ठेवणे सयुक्तिक नाही. प्रस्तुत लेखात या क्रियेचा थोडा विचार करावयाचा आहे, आणि तो करताना आमच्या जिल्ह्यातील असोदा या गावाशी निगडित असलेल्या एका सुपरिचित प्रसंगाची कसोटी तिला लावून पाहावयाची आहे.

या क्रियेला नाव हवे असेल तर ते आपल्या नाट्यशास्त्रात तयारच आहे. भारती वृत्तीच्या चार अंगांत 'प्ररोचना' हे एक अंग सांगितले आहे. कवीची व काव्याची प्रशंसा करून प्रेक्षकांस प्रयोगाकडे उन्मुख करणे, हे तिचे कार्य. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रारंभी पारिपार्श्वक विचारतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारख्या ख्यातनाम कवींच्या कृती असताना कालिदास या आजच्या कवीचे नाटक कशासाठी? सूत्रधार उत्तर देतो की, जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून टाकाऊ, असे काही नसते. आजचा कोणताही नवखा पटकथालेखक निर्मात्याच्या कार्यालयात ज्या प्रश्नाला तोंड देतो तो हाच प्रश्न आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे उत्तर कालिदास स्वतः देत नाही, तो ते सूत्रधाराच्या तोंडी घालतो. 'मृच्छकटिका'त तर सूत्रधार शूद्रकाच्या गुणांबरोबर त्याच्या अग्निप्रवेशाचीही वार्ता देतो. मेलेल्या कवीला स्वतःच्या स्तुतीचा संकोच वाटण्याचे कारण नाही! शब्द कवीचे असले तरी ते बोलणारा दुसरा कोणी असावा, हा संकेत आपल्या परंपरेने पाळला होता. चित्रव्यवसायात लेखक आणि सूत्रधार ही दोन माणसे एकच झाली, आणि पुढील बहुतेक अडचणी यातून उद्भवल्या.

हे नेहमीच असे नव्हते. 'प्रभात'सारख्या संस्थेत लेखक हा संस्थेच्या कुटुंबातला असे. 'संत तुकाराम' (१९३६) लिहिणारे शिवराम वाशीकर यांना आपली ओळख दारोदार सांगत फिरावे लागले नाही. कथा, दिग्दर्शन, छायालेखन यांची चर्चा एकाच आवारात होत असे. स्टुडिओ मोडत गेले, १९५३ साली 'प्रभात'ही बंद पडली, आणि प्रत्येक चित्रपटासाठी वेगळे भांडवल उभारणारे स्वतंत्र निर्माते आले. त्यांच्यापाशी बाड वाचून मत देणारा विभाग नव्हता, पुष्कळांपाशी वाचण्याची सवडही नव्हती. तेव्हा कथा ऐकूनच घ्यावयाची, ही रीत रूढ झाली. ऐकणाऱ्यांत निर्माता, त्याचा व्यवस्थापक, वितरक आणि पुढे नटही आला. एकच कथा अशा चार-पाच कानांवर वेगवेगळ्या दिवशी घालावी लागे, आणि दर वेळी तिचे वजन थोडे इकडेतिकडे सरके.

या कथनाचे घराणे शोधू गेल्यास ते कीर्तनापर्यंत जाते. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान. सर्व पात्रांचे आवाज एकाच गळ्यातून. श्रोत्यांचे लक्ष ढळते आहे असे दिसताच एखादा दृष्टान्त. कथा ऐकविणारा लेखक याच साधनांवर जगतो. परंतु कीर्तनकाराचे आख्यान श्रोत्यांसमोरच पूर्ण होते. पटकथेचे तसे नाही. तिचे कथन हे अजून अस्तित्वात न आलेल्या दुसऱ्या वस्तूबद्दलचे आश्वासन असते. त्यामुळे सांगताना जे रंगते तेच लिहिण्याकडे लेखकाचा कल होऊ लागतो. प्रसंगाला टोक हवे, मध्यंतराला कलाटणी हवी, संवादाच्या शेवटी टाळी हवी. एखादी बाई चुलीपुढे बसून काही न बोलता भाकरी थापते, हे दृश्य पडद्यावर हृदय हलवू शकेल. पण निर्मात्यासमोर ते सांगायचे कसे? सांगणारा तेथे अडखळतो, आणि पुढच्या वेळी ते दृश्य गाळतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांतील हिंदी चित्रपटाची घटनाबहुलता ही केवळ प्रेक्षकांच्या रुचीतून आली असे सांगितले जाते. त्या रुचीइतकाच या ऐकविण्याच्या रीतीचाही वाटा त्यात असावा, असे आमचे मत आहे.

सलीम-जावेद या जोडीचे उदाहरण येथे अपरिहार्य आहे. आधी अन्यत्र न जमलेली 'शोले'ची कल्पना त्यांनी सिप्पी पितापुत्रांना सांगितली तेव्हा ती अवघ्या चार ओळींची होती, असे त्या चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. त्या चार ओळींत पुढचा सारा चित्रपट बीजरूपाने होता, हेही तितकेच खरे. 'जंजीर'च्या (१९७३) भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती; या दोघांनी रंगारी लावून मुंबईतील भित्तिपत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली. १९७५ च्या ऑगस्टमध्ये 'शोले'चे प्रारंभीचे स्वागत थंड झाले, तेव्हा व्यवसायाच्या नियतकालिकात जाहिरात देऊन तो प्रत्येक मोठ्या विभागात कोटीचा धंदा करील असे भाकीत त्यांनी छापले. हे आत्मप्रशंसेचे प्रकार काहींना उथळ वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या धंद्यात लेखकाचे नाव नटाच्या छायाचित्राखाली पुसले जाते, तेथे नाव रंगवून घेणे हा हक्काचाच उच्चार होता. आणि त्यांच्या कथनातील जोम त्यांच्या लिखाणातही उतरला होता. खंत आहे ती त्यांच्या मागून आलेल्यांची. त्यांनी लिखाणाऐवजी सांगण्याची ऐट तेवढी उचलली.

सांगण्यात आणखी एक धोका आहे, व तो न्यायालयात सिद्ध झालेला आहे. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे कर्ते आर. जी. आनंद यांनी १९५५ साली चित्रपट-दिग्दर्शक मोहन सेहगल यांना आपले नाटक वाचून दाखविले. विषय प्रांताभिमानाचा. १९५६ साली सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. त्याचाही विषय तोच. आनंद यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७८ साली निकालात निघाला. कल्पनेवर, विषयावर वा कथासूत्रावर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर व अभिव्यक्तीवर असतो, असे ठरवून न्यायालयाने आनंद यांच्या विरुद्ध निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य म्हणावा लागेल. कल्पनांना कुंपण घातले तर वाङ्मयाचा व्यवहारच थांबेल. परंतु त्याचा लेखकाच्या अंगाने अर्थ काय होतो? निर्मात्यापुढे चार ओळी सांगताना लेखक नेमकी तीच वस्तू उघडी करतो जिला कायदा संरक्षण देत नाही. सांगितल्याशिवाय विकली जात नाही, आणि सांगितली की ती त्याची उरेलच असे नाही. पटकथालेखकांच्या संघाकडे बाड नोंदवून ठेवण्याची प्रथा या पेचातूनच रुजली. मात्र नोंद होते ती कागदाची, खोलीत झालेल्या बोलण्याची होत नाही.

न बोलता केलेली प्ररोचनाही आपल्याकडे होऊन गेली आहे, आणि ती भारतीय चित्रपटाच्या अगदी उगमाशी आहे. १९१२ साली विलायतेहून यंत्रसामग्री घेऊन आलेल्या दादासाहेब फाळके यांच्यापाशी भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, ठराविक अंतराने त्याचे एकेक चित्र घेतले, आणि अंकुरापासून वेलापर्यंतची वाढ पडद्यावर काही क्षणांत धावती करून दाखविली. छायाचित्रणसाहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ती पाहून कर्ज देण्याची तयारी दर्शविली. पुढे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) झाला. फाळके आपल्या गुणांविषयी काय बोलले असतील ते असो. नाडकर्णी यांना पटविले ते वाटाण्याने. या प्ररोचनेत आश्वासन आणि वस्तू यांत अंतर नव्हते.

आता असोद्याकडे वळू. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली असोद्याच्या महाजन घराण्यात झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे आल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, घरकामात त्या गाणी रचीत, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव व एक मावसबंधू ती टिपून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखविले. अत्र्यांनी ते बावनकशी ठरविले, हे लपवून ठेवणे म्हणजे गुन्हा असा अभिप्राय दिला, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' त्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ही हकीकत खानदेशात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तिच्याकडे दैवयोगाची गोष्ट म्हणून पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. तिच्याकडे प्ररोचना म्हणून कोणी पाहिलेले नाही.

तसे पाहिले तर तिची घडण विलक्षण आहे. येथे कवयित्री हयात नाही. सूत्रधार आहे तो तिचा पुत्र, आणि तो स्वतः नामवंत कवी आहे. स्वतःच्या कवितेची ओळख करून देण्याची कला त्याला अवगत असणारच; पण येथे तिचा उपयोग नव्हता. आईच्या गाण्यांची स्तुती मुलाने करावी तर ती ममतेच्या खात्यावर जमा होणार. अशा स्थितीत वही पुढे करून आपण मागे सरणे हाच मार्ग शहाणपणाचा होता. ऐकणाराही साधा नव्हता. अत्रे हे संपादक, नाटककार, 'ब्रह्मचारी' (१९३८) व 'ब्रँडीची बाटली' (१९३९) यांचे कथालेखक आणि स्वतः चित्रपटनिर्माते. मास्तर विनायकांच्या चित्रपटांसाठी कथा देण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. टेबलाच्या दोन्ही बाजूंना ते बसलेले होते. विकणाऱ्याची हातचलाखी ज्याला पाठ आहे, त्याला हातचलाखीचा अभाव चटकन जाणवतो.

याच अत्र्यांनी पुढच्याच वर्षी, १९५३ साली, 'श्यामची आई' पडद्यावर आणला, आणि १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले होते; १९५० साली ते गेले. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत, खानदेशाशी नाते असलेल्या दोन कृती एकाच माणसाच्या हातून महाराष्ट्रापुढे आल्या, आणि दोन्हींचे कर्ते स्वतःविषयी एक शब्दही बोलण्यास हयात नव्हते. दोन्ही कृती मुळात बोललेल्या, हेही योगायोगाने जुळते. गुरुजींच्या पुस्तकाची रचनाच रात्रीमागून रात्र सांगितलेल्या आठवणींची आहे, आणि बहिणाबाईंची गाणी तर ओठांवरच जन्मली.

तेव्हा दोष तोंडी सांगण्याला लावता येत नाही. येथे भेद करावयाचा तो असा : सांगण्यातले काय कृतीत उतरले आणि काय त्या खोलीतच राहिले? बहिणाबाईंच्या बोलीचा हेल, जात्याची लय आणि म्हणीचा नेमका ठोका वहीत उतरला होता. म्हणून ती कोणी परक्याने वाचली तरी बोलत होती. 'मानिनी' (१९६१) या अनंत माने यांच्या चित्रपटात त्यांतील काही गाणी आली तेव्हा ती पुन्हा गळ्यावर चढली, आणि मधल्या कागदाच्या मुक्कामात त्यांचे काही हरवले नव्हते. पुष्कळ यशस्वी नॅरेशनांची स्थिती उलट असते. सांगणाऱ्याचा आवाज, त्याचे डोळे, योग्य वेळी घेतलेला चहाचा घोट हे सारे निर्मात्याला मोहविते. चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शकाच्या हातात पडते ते बाड मात्र मुके असते.

यावर एक आक्षेप निघतो व तो गंभीर आहे. असोद्याच्या गाण्यांना सोपानदेव मिळाले आणि अत्रे मिळाले. ज्यांना हे दोन्ही मिळाले नाहीत अशा किती बाया जात्यावर गाऊन गेल्या? मागे सरण्याचा सल्ला ज्याच्यासाठी पुढे येणारा कोणी आहे त्यालाच परवडतो. खानदेशातून मुंबईस जाणाऱ्या तरुण लेखकाला ना गाठीभेटी असतात, ना इंग्रजी संभाषणाची सफाई; त्याने आपली प्ररोचना आपणच केली नाही तर कोण करणार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्यामुळेच नव्या व्यवस्थांकडे लक्ष देणे अगत्याचे वाटते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून गोव्यात फिल्म बाजार भरविण्यास प्रारंभ केला; तेथे आणि अन्यत्रही लेखक-दिग्दर्शकांना ठरलेल्या मिनिटांत अनोळखी निर्मात्यांपुढे उभे राहता येते. दार उघडले हे चांगलेच झाले. मात्र या मांडणीत कथेच्या सारांशाबरोबर लेखकाचे मनोगतही मागतात : ही कथा तुम्हीच का सांगावी? प्रश्न वरवर साधा आहे. त्याचे उत्तर देताना लेखक आपले गाव, आपली जात, आपल्या आईचे कष्ट हेच मालाच्या रूपाने मांडू लागतो. पूर्वी नॅरेशनमध्ये कथा नाट्यमय करीत. आता आयुष्य नाट्यमय करावे लागते. बहिणाबाईंना आज कोणी हे मनोगत मागितले असते तर विधवेचे निरक्षर, कष्टाचे जिणे हा त्यांचा मोठाच 'विशेष' ठरला असता, आणि गाणी त्याच्या पुराव्यादाखल जोडली गेली असती. अत्र्यांपुढे वही आली तेव्हा हा क्रम उलटा होता.

तिसरी वाटही क्वचित दिसते. चैतन्य ताम्हाणे 'कोर्ट'ची (२०१४) पटकथा लिहीत असता विवेक गोंबर यांनी त्यांना दरमहा ठराविक रक्कम दिली व पुढे तेच त्या चित्रपटाचे निर्माते झाले. ताम्हाणे यांच्या नाटकात त्यांनी काम केलेले होते, म्हणजे लेखकाची पारख आधीच झालेली होती. येथे पैसा सांगण्याला मिळाला नाही, लिहिण्याच्या काळाला मिळाला. 'कोर्ट'मधील लांबच लांब, स्थिर, कोणालाही सांगून दाखविता न येणारी दृश्ये यामुळेच लिहिली जाऊ शकली, असे अनुमान करण्यास हरकत नाही. तास-दोन तासांच्या कथनात त्यांतील एकही तरले नसते.

अभ्यासकांच्या हाती या विषयाची साधने फार थोडी आहेत. चित्रपट झाल्यावर कथा ऐकविण्यासाठी केलेली टिपणे कोणी जपत नाही. बाडाच्या समासांतल्या खुणा, निर्मात्याच्या सूचनेनंतर बदललेला शेवट, प्रत्येक वेळी निराळा लिहिलेला एकपानी सारांश हे सर्व रद्दीत जाते. जळगाव-धुळ्याकडील जे लेखक आज मुंबईत कथा ऐकवीत आहेत त्यांच्याकडून असे कागद विद्यार्थ्यांनी मिळवावेत, आणि एकाच कथेचे सांगितलेले रूप व लिहिलेले रूप शेजारी ठेवून पाहावे. सोपानदेवांनी व त्यांच्या मावसबंधूंनी गाणी टिपून घेतली तेव्हा त्यांच्याही हाती एक वही आणि ऐकण्याची सवय, एवढीच साधने होती.