‘माझे’ आणि ‘मंडळाचे’ : ज्ञानकोशाच्या योजनेची चिकित्सा

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम संपत आले असता डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी त्या कार्याचा वृत्तान्त लिहून प्रसिद्ध केला. त्याला त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ असे जोडनाव दिले. या नावातील ‘ऊर्फ’ या शब्दाकडे अभ्यासकांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही. एका व्यक्तीचे काम आणि एका संस्थेचा इतिहास ही एकाच वस्तूची दोन नावे होत, असा दावा या शब्दात गृहीत धरलेला आहे. तो दावा कितपत टिकतो हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्ञानकोशासंबंधी आपल्याकडे रूढ असलेला अभिप्राय असा की, हे एका माणसाने केलेले अचाट काम आहे. गौरवाच्या भरात हा अभिप्राय उच्चारला जातो, आणि म्हणूनच तो तपासला जात नाही. वस्तुस्थिती अशी की केतकरांनी पहिली गोष्ट केली ती लेखनाची नव्हे. त्यांनी नागपुरास एक मर्यादित जबाबदारीची कंपनी उभी केली. १९१६ साली कामास प्रारंभ झाला तेव्हा कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून परतलेला हा समाजशास्त्रज्ञ बत्तीस वर्षांचा होता. संस्थानिकाचा आश्रय किंवा सरकारी खात्याचे अनुदान यांवर योजना न बेतता त्याने ती भागधारक व वर्गणीदार यांच्यावर बेतली. मराठीत विद्येच्या क्षेत्रात ही कल्पना नवी होती. बंगालीत नगेंद्रनाथ बसू यांनी १९११ मध्ये २२ खंडांत पुरा केलेला ‘विश्वकोष’ हा त्यांच्या वैयक्तिक निष्ठेचा विजय होता. उलट केतकर परदेशात असतानाच, १९१०–११ मध्ये, प्रसिद्ध झालेली ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती सुमारे दीड हजार लेखकांच्या सहकार्यावर उभी होती. केतकरांनी घेतलेला मार्ग या दोहोंपेक्षा वेगळा होता. दीड हजार तज्ज्ञ मराठीत नव्हतेच. तेव्हा थोड्या पगारी माणसांना हाताशी धरून, त्यांना शिकवीत शिकवीत, तज्ज्ञांची उणीव पद्धतीने भरून काढावयाची, असे या मार्गाचे स्वरूप दिसते. कार्यालय पुढे पुण्यास आले, तरी हे स्वरूप बदलले नाही.

आता ग्रंथाची रचना पाहू. १९२० ते १९२९ या काळात ज्ञानकोशाचे २३ विभाग प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पहिले पाच म्हणजे प्रस्तावनाखंड : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत अकारविल्हे मांडलेला शरीरखंड, बाविसावा सूचीचा, तेविसावा हिंदुस्थानखंड. एखाद्या व्यवहारी प्रकाशकाने ही मांडणी पाहिली असती तर त्याने कपाळाला हात लावला असता. वर्गणीदाराने पैसे दिले ते शब्द उघडून माहिती मिळावी म्हणून. त्याच्या हाती प्रथम पडतात पाच विभागांची प्रस्तावना, तीही वेद, बुद्ध आणि जगाचा इतिहास यांविषयी. म्हणजे जो भाग विकावयास सर्वांत कठीण तोच भांडवल कोवळे असताना प्रथम छापला गेला. धंद्याच्या दृष्टीने पाहता ही चूकच होय, आणि केतकरांच्या थोरवीचा दाखला देऊन ती झाकण्याचे कारण नाही.

परंतु हाच निर्णय विद्येच्या बाजूने पाहिला म्हणजे निराळा दिसतो. मराठीतील ज्ञानकोश इंग्रजी कोशाचे भाषांतर होऊ नये, तर जगाकडे येथून पाहणारा स्वतंत्र ग्रंथ व्हावा, ही त्याची मूळ प्रतिज्ञा होती. पहिल्याच विभागाच्या नावात ‘हिंदुस्थान’ आधी आणि ‘जग’ नंतर येते, हा क्रम सहज पडलेला नाही. अशी भूमिका असणाऱ्या ग्रंथात काम करणाऱ्यांना भूमिकाच ठाऊक नसेल, तर नोंदी कितीही काळजीने लिहिल्या तरी त्या परक्या कोशांची टाचणेच राहणार. प्रस्तावनाखंड हे वाचकांसाठी होते तितकेच ते कार्यालयासाठीही होते, असे मला वाटते. वेदकालीन शब्दांच्या तेथील याद्या नुसत्या चाळल्या तरी त्यांमागे अनेक हातांचे शिस्तबद्ध श्रम आहेत हे ध्यानात येते. दाशराज्ञ युद्धासंबंधीचे विवेचन मात्र उघडच केतकरांच्या बुद्धीचे आहे. एकाच खंडात हे दोन प्रकारचे काम शेजारी शेजारी नांदते. आणि येथे ‘माझे’ व ‘मंडळाचे’ यांची सांगड खरोखर बसली आहे.

शरीरखंडात ती तितकी बसत नाही. जाती, वैदिक विषय, प्राचीन संस्था यांवरील नोंदींत संपादकाची नजर जाणवते. गावे, जिल्हे, संस्थाने यांच्यावरील नोंदी गॅझेटियरांवर विसंबतात, आणि पाश्चात्त्य शास्त्रांवरील पुष्कळशा नोंदी इंग्रजी ग्रंथांचे संक्षेप आहेत. टीकाकारांनी या विषमतेवर बोट ठेवले ते योग्यच. पण तिचे कारण त्यांनी संपादकाच्या घाईत शोधले. माझ्या मते कारण श्रमविभागणीत आहे. केतकरांनी पद्धत वाटून दिली, निर्णय मात्र वाटून दिला नाही. जेथे पद्धत पुरेशी होती तेथे नोंद स्वच्छ उतरली. जेथे निर्णयाची गरज होती आणि संपादक दुसरीकडे गुंतलेला होता, तेथे ती मूळ इंग्रजी ग्रंथाच्या मागे गेली.

ही पद्धत कितपत मुरली होती याची कसोटी पुढील इतिहासाने आपोआप घेतली. केतकरांनी मराठीनंतर गुजराती ज्ञानकोश हाती घेतला; तो पुरा झाला नाही. इकडे ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोश’ योजला आणि १९३२ ते १९३८ या अवधीत त्याचे सात विभाग पुरे केले. पुरवणी १९५० मध्ये आली. प्रकाशक संस्थाही पुन्हा मर्यादित कंपनीच होती : महाराष्ट्र कोशमंडळ. म्हणजे शब्द टिपणे, अकारविल्हे लावणे, मजकूर आटवणे एवढेच त्यांनी उचलले असे नव्हे; भांडवल उभारण्याचा साचाही उचलला. त्यांच्या मुखपृष्ठावर आबा चांदोरकर आणि चिंतामण शंकर दातार यांच्यासह चार संपादकांची नावे आहेत. पुढे वाक्संप्रदायकोश, शास्त्रीय परिभाषा कोश, सुलभ विश्वकोश अशी या जोडीची कामगिरी चालूच राहिली. गुजराती उपक्रमाच्या अपयशास भाषा, पैसा, प्रकृती अशी इतर कारणेही असणार. तथापि नेत्याची योजना त्याच्या माणसांवाचून अडली आणि माणसांची योजना नेत्यावाचून चालली, हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. ‘ऊर्फ’ने बरोबरीत बांधलेली दोन पदे येथे सुटी होतात.

अर्थात दाते-कर्वे यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होणेही बरोबर ठरणार नाही. त्यांचे कोश पुरे झाले, उपयोगी पडले, आणि शब्दकोश तर आजही मराठीच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. परंतु जगाकडे पाहण्याची स्वतःची भूमिका मांडणारा एकही प्रस्तावनाखंड त्यांच्याकडून आला नाही. १९४९ नंतरच्या विश्वकोशास त्यांनी ‘सुलभ’ हे विशेषण लावले, ते प्रामाणिकपणे लावले. उत्तम कार्यालयाने काय साधते आणि काय साधत नाही, ते या एका विशेषणात आले आहे. पुढे मराठी विश्वकोशाने (पहिला खंड १९७६) शासनाचा आधार आणि नोंदीखाली लेखकाचे नाव हा तिसराच मार्ग घेतला. त्यात निर्णय वाटला गेला. पण वेळेचे भान, जे भागधारकांच्या धाकाने केतकरांना राखावे लागले होते, ते राहिले नाही. विसावा खंड निघावयास २०१५ साल उजाडले.

राहता राहिला ‘माझे’ या पदाचा दुसरा अर्थ. संस्थेची वाढ हीच आपली वाढ असे मानणाऱ्या मनुष्याच्या घराचा हिशेब संस्थेच्या इतिहासात येत नाही. १९२० मध्ये केतकरांशी विवाहबद्ध झालेल्या शीलवती केतकर या स्वतः विदुषी. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. केतकर १९३७ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी, आर्थिक ओढगस्तीतच वारले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी शीलवतीबाईंनी आपल्या आठवणी ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या नावाने प्रसिद्ध केल्या. ज्ञानकोशाच्या अर्थव्यवहारावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने केतकरांच्या वृत्तान्ताबरोबर हेही पुस्तक टेबलावर ठेवावे, आणि दोन्हींतील ‘मी’ कोठे कोठे एकमेकांना छेद देतात याची नोंद पानागणिक करावी. ते काम अद्याप व्हावयाचे आहे.