नाव, क्रमांक आणि हास्य : एका जाहिरातीची संहिता

मराठी समीक्षेत विनोदाची मीमांसा झाली ती प्रामुख्याने श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून पु. ल. देशपांडे यांच्यापर्यंतच्या लेखनाच्या अनुषंगाने. दूरचित्रवाणीवरील जाहिरात या मीमांसेच्या कक्षेबाहेरच राहिली. ती अल्पजीवी असते, तिच्यावर लेखकाचे नाव नसते आणि तिचा हेतू विक्रीचा असतो, ही त्यामागची कारणे. परंतु असंख्य प्रेक्षक ज्या संहितेला हसले, तिच्यातील हास्य कोणत्या समाजव्यवस्थेच्या आधाराने निर्माण होते, हा प्रश्न एवढ्या कारणांनी टाळता येत नाही.

भ्रमणध्वनी कंपन्यांच्या जाहिरातींनी या शतकाच्या पहिल्या दशकात विनोदाच्या निरनिराळ्या रीती रूढ केल्या. 'हच'च्या जाहिरातीत (२००३) मुलाची पाठ न सोडणारा पग कुत्रा होता. त्यातील विनोद वात्सल्याच्या जवळचा. 'व्होडाफोन'चे झूझू (२००९) चित्रे वाटत असले, तरी ती पोशाखातील माणसे होती. त्यांना ना भाषा होती ना गाव, आणि म्हणूनच ते सर्वांना चालले. अभिषेक बच्चन यांना घेऊन २००७ पासून आलेल्या 'आयडिया'च्या मालिकेने मात्र सामाजिक प्रश्नालाच विनोदाचा विषय केले. तिच्यातील जातीय संघर्षावरील जाहिरात प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

जाहिरातीचे कथानक एका वाक्याचे आहे. गावात दोन गट जातीवरून एकमेकांवर धावून जातात. गावप्रमुख फर्मान काढतो की, यापुढे कोणी नावाने वा जातीने ओळखला जाणार नाही, तर मोबाइलच्या क्रमांकाने ओळखला जाईल. माणसे एकमेकांना क्रमांकाने संबोधू लागतात, गाव शांत होते आणि 'व्हॉट ॲन आयडिया, सरजी!' हा कौतुकोद्गार उमटतो.

येथील हास्याची यंत्रणा परिचित आहे. नाट्यशास्त्रात हास्याच्या विभावांमध्ये विकृत वेष आणि विकृत अलंकार सांगितले आहेत. भलत्या ठिकाणी घातलेला दागिना हसवतो, तसाच नावाच्या जागी आलेला दहा अंकी क्रमांक हसवतो. सजीवावर यांत्रिकतेचा लेप चढला की हास्य निर्माण होते, हे बर्गसाँचे सूत्र (१९००) येथे तंतोतंत लागू पडते. मात्र हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, असेही बर्गसाँ सांगतो. ही बधिरता कोणाला सहज साधते आणि कोणाला साधत नाही, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यात माणसाचे नाव वगळून त्याची मोजदाद करण्याची रीत विनोदाच्या प्रांतात येत नाही. ऊसतोडीच्या हंगामासाठी मुकादम टोळी जमवतो तेव्हा तो माणसे मोजत नाही, 'कोयते' मोजतो. पतीपत्नीचे जोडपे म्हणजे एक कोयता. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. व्यवहारात मात्र ती उचल आणि मजुरी ठरविण्याचे परिमाण असते. नाव गेल्याने येथे कोणी समान झालेले नाही. ज्याच्या हाती मोजणे असते, त्याचे नाव शाबूत राहते. जाहिरातीतही सर्वांना क्रमांक देणारा गावप्रमुख अखेरपर्यंत 'सरजी'च असतो.

दुसरी बाब नावाच्या इतिहासाची आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. जाहिरातीतील गाव अर्ध्या मिनिटात सर्व नावे पुसते. येथे एक नाव जोडण्यास साडेपंधरा वर्षे लागली. ज्यांनी त्या नावासाठी किंमत मोजली, त्यांच्या दृष्टीने नाव हे भांडणाचे मूळ नव्हते, तर नाकारलेली प्रतिष्ठा होती. 'नावे काढून टाका म्हणजे तंटा मिटेल' हा विनोद त्यांना तेवढ्या निर्मळपणे भोगता येणार नाही.

रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) जाहिरातीची एक युक्ती दाखवून दिली आहे : व्यवस्थेतील दोष थोडासा कबूल करायचा आणि त्या कबुलीची लस टोचून व्यवस्थेला निर्धोक करायचे. प्रस्तुत संहिता हेच करते. 'जात' हा विषय तिने दिवाणखान्यात आणला, हे श्रेय तिला दिले पाहिजे. बहुतेक जाहिराती तेही करीत नाहीत. पण तिच्यातील दोन गट सारखेच आक्रमक, सारखेच नासमज आहेत. वेशीबाहेर कोण राहतो, पाणवठा कोणाचा, जमीन कोणाची हे प्रश्न त्या समतोलात लुप्त होतात. जात हा केवळ संबोधनाचा दोष ठरतो आणि दोषाचा उपाय कंपनीच्या दुकानात मिळतो.

पुढील वास्तवाने या संहितेवर कठोर भाष्य केले. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे मोबाइलवर आंबेडकरांविषयीचे गाणे रिंगटोन म्हणून वाजले, या कारणावरून एका दलित तरुणाची हत्या झाली. जे यंत्र जात झाकणार होते, त्यानेच ती उघड केली. बीडमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर (९ डिसेंबर २०२४) जातीय तणावाच्या वातावरणात पोलीस अधीक्षकांनी २०२५ च्या आरंभी पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनाव काढून केवळ पहिले नाव ठेवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय जाहिरातीची आठवण करून देतो. तथापि दोहोंतील भेद मूलगामी आहे. पोलीस शिपायाला बक्कल क्रमांक आधीपासून होताच. त्या क्रमांकाने आडनावाचे काम थांबले नव्हते. म्हणून येथे नाव राखून आडनाव वगळावे लागले. शिवाय हा उपाय भीतीतून आला, त्यात हास्याला जागा नव्हती. 'आडनाव काय?' हा प्रश्न नावपट्टी बदलल्यानंतरही विचारला जाऊ शकतो, हे बीडमध्ये कोणालाही सांगावे लागत नाही.

तर मग जातीवरचा विनोद शक्यच नाही काय? जवळच्याच पैठणच्या एकनाथांची भारुडे याचे उत्तर देतात. तेथे महार, जोशी, गोंधळी आपापल्या नावानिशी, आपापल्या बोलीत उभे राहतात. महार ब्राह्मणाशी संवाद करतो आणि हास्याचा रोख उच्चत्वाच्या अभिमानाकडे वळतो. तो महार ब्राह्मण कवीने उभा केलेला आहे, ही मर्यादा मान्य केली तरी त्याला वाचा आहे, उलट प्रश्न करण्याचा अधिकार आहे. जाहिरातीतील क्रमांकधारी गावकऱ्याला तो नाही. बोलणे विकणाऱ्या कंपनीच्या संहितेत तो केवळ फर्मान पाळतो.

'आयडिया'चे २०१८ मध्ये 'व्होडाफोन'शी विलीनीकरण झाले आणि २०२० मध्ये त्या नावाने चालणारी सेवा 'व्ही' या नव्या नावाखाली आली. कंपनीला आपले नाव सहज टाकता आले. हे सुलभ नामत्यागाचे स्वातंत्र्य तिच्या जाहिरातीतील गावकऱ्यांना प्रत्यक्षात कधीच उपलब्ध नव्हते. आणि त्यामुळे या संहितेतील हास्याचे मूल्यमापन केवळ चातुर्याच्या निकषावर करणे अपुरे ठरते.