संपाचा हक्क आणि शिक्षकाचे स्थान : ‘टी. के. रंगराजन’ निकालपत्राची चिकित्सा

तामिळनाडूतील शासकीय कर्मचारी व शिक्षक यांनी 2 जुलै 2003 पासून पुकारलेला संप आणि तो मोडण्यासाठी राज्य शासनाने योजलेले उपाय यांची भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात स्वतंत्र नोंद घ्यावी लागते. निवृत्तिवेतन व तत्सम लाभांतील कपात रद्द व्हावी, ही मुख्य मागणी होती. संप सुरू होण्यापूर्वीच पुढाऱ्यांची धरपकड झाली. 4 जुलै रोजी राज्याच्या अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायद्यात वटहुकमाद्वारे दुरुस्ती झाली आणि चौकशीविना बडतर्फीचा मार्ग मोकळा झाला. 1,70,241 जणांना सेवेतून दूर करण्यात आले. या कारवाईविरुद्धच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2003 रोजी दिलेला निकाल ‘टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू शासन’ या नावाने ओळखला जातो.

निकालपत्राचा पूर्वार्ध न्याय्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याचिकाकर्त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले होते. न्यायाधिकरणात त्या वेळी एकच सदस्य कार्यरत होता. लाखाहून अधिक बडतर्फांना त्याच्या दारात उभे करणे म्हणजे न्याय नाकारणेच होते. अशा असाधारण परिस्थितीत उच्च न्यायालयाने अनुच्छेद 226 खालील अधिकार वापरावयास हवा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. बिनशर्त माफी आणि वर्तणूक नियमांतील संपबंदी पाळण्याची लेखी हमी घेऊन बहुसंख्य कर्मचाऱ्यांना परत घेण्यास शासनही सुनावणीत राजी झाले. उरलेल्या 6,072 जणांची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या तीन निवृत्त न्यायाधीशांकडे सोपविण्यात आली.

वाद येथे मिटला होता. तरीही निकालपत्र पुढे जाते आणि संपाचा मूलभूत हक्क नाही, वैधानिक हक्क नाही, नैतिक समर्थनही नाही, असे तीन पायऱ्यांत सांगते. पहिल्या पायरीला पूर्वनिर्णयांचा आधार आहे. 1962 च्या कामेश्वर प्रसाद खटल्यात शासकीय सेवकांवरील निदर्शनबंदी घटनाबाह्य ठरली, पण संपबंदी टिकली. दुसरी पायरी वर्तणूक नियमांवर उभी आहे. तिसरीला मात्र आधार शोधूनही सापडत नाही. एखादा हक्क मूलभूत नाही, यावरून तो नैतिकदृष्ट्याही असमर्थनीय आहे, असा निष्कर्ष निघत नाही. 1989 च्या बी. आर. सिंग खटल्यात याच न्यायालयाने संप हे निदर्शनाचेच एक रूप मानले होते आणि गाऱ्हाणी दूर करून घेण्याचे साधन म्हणून त्याला मान्यता असल्याचे म्हटले होते. त्या मांडणीचा ठसा 2003 च्या निकालावर दिसत नाही. त्याऐवजी कर्मचाऱ्यांनी संपाऐवजी अधिक प्रामाणिकपणे काम केल्यास शासन व जनता त्याची कदर करतील, असा उपदेश येतो. निवृत्तिवेतन कापले गेलेल्यास दिलेला हा सल्ला वडीलकीचा असेल. त्याला कायद्याचे विवेचन म्हणता येत नाही.

शिक्षकांविषयीचे विधानही याच प्रकारचे आहे. शिक्षकांच्या संपाने संपूर्ण शिक्षणव्यवस्थेचे नुकसान होते व परीक्षा हुकल्याने विद्यार्थ्यांचे भवितव्य बिघडते, असे न्यायालय म्हणते. ही चिंता खोटी नाही. परीक्षाकामावरील बहिष्काराचा अनुभव असलेला कोणताही प्राध्यापक ते जाणतो. परंतु प्रस्तुत संप जुलैचा होता, मार्च-एप्रिलच्या वार्षिक परीक्षांचा नव्हता. किती शाळा, किती दिवस बंद राहिल्या, याची तपासणी न करता सर्वसाधारण भीती निर्णयाचे कारण बनते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची संघटनस्वातंत्र्य समिती शिक्षणाला काटेकोर अर्थाने अत्यावश्यक सेवा मानत नाही. भारताने संघटनस्वातंत्र्याविषयीच्या 87 व 98 क्रमांकांच्या संकेतांना मान्यता दिलेली नाही, हे येथे विसरता येत नाही.

शिक्षकाची अडचण अन्य कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळी आहे. बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात (1978) शिक्षणसंस्था ‘उद्योग’ ठरली. दहा वर्षांनी गोव्यातील एका शिक्षिकेच्या ए. सुंदरंबाळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक ‘कामगार’ नाही, असा निर्णय दिला. म्हणजे शाळा उद्योग, पण तेथे शिकविणारा त्या उद्योगातील कामगार नव्हे! परिणामी तत्कालीन औद्योगिक विवाद कायद्यातील समेट व लवाद यांचे दार शिक्षकाला बंद राहिले. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी 1977 च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे. तेथे बडतर्फी, पदावनती यांविरुद्ध अपील करता येते, सामूहिक मागणी मांडता येत नाही. संप गैर आहे असे सांगणाऱ्या निकालाने ही मागणी कोठे न्यावी, हेही सांगावयास हवे होते.

तामिळनाडूत हा प्रश्न अखेर राजकारणाने हाताळला. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला राज्यात एकही जागा मिळाली नाही आणि त्याच मे महिन्यात संपकऱ्यांवरील कारवाई मागे घेण्यात आली. निकाल मात्र कायम राहिला. महाराष्ट्रात 14 मार्च 2023 रोजी जुन्या निवृत्तिवेतनासाठी शिक्षकांसह शासकीय कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच दिवशी विधानसभेत अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक संमत झाले. तो संप 20 मार्च रोजी शासनाच्या आश्वासनानंतर, चर्चेने मागे घेण्यात आला.